तिथे नक्की किती जण होते? रंगभवन, रॉक आणि न लिहिलेला इतिहास

पेट झाली, सिनॉप्सिस द्यायचा आहे, विषयही डोक्यात आहे, पण "याला सोर्स कुठले दाखवणार?" या एका प्रश्नावर गाडी अडली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची हीच अवस्था आहे, हे तुमच्या मेसेजवरून कळतं. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. म्हणून आज पद्धतीवर कोरडं लेक्चर न देता माझ्याच विषयातलं एक प्रकरण उलगडून सांगते. त्यातून तुमच्या कामाचं काय निघतं ते तुम्ही बघा.

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख. मी केनवडची. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. एम.एस्सी. फिजिक्समध्ये केलं आणि मग इतिहासाकडे वळले. माझा विषय आहे मुंबईतल्या रॉक, पंक आणि अल्टरनेटिव्ह संगीताचे लाइव्ह कार्यक्रम, म्हणजे तिथली मंडळी ज्यांना 'गिग' म्हणतात ते. घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "अवं, याच्यातबी पीएच्डी करतेत?" करतात, पण ती कशी करायची हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

आधी मँचेस्टरला जाऊन येऊ

पंकचा इतिहास वाचायला घेतला की एक तारीख सगळीकडे भेटते : ४ जून १९७६. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात लेसर फ्री ट्रेड हॉल नावाच्या छोट्या सभागृहात सेक्स पिस्टल्स या लंडनच्या बँडचा कार्यक्रम झाला. तो भरवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक पोरांनी. त्यांनी बझकॉक्स हा बँड काढला होता आणि जानेवारी १९७७ मध्ये आपली पहिली रेकॉर्ड कुठल्याही मोठ्या कंपनीकडे न जाता स्वतःच प्रसिद्ध केली. त्या संध्याकाळी श्रोत्यांत बसलेल्या पीटर हुक आणि बर्नार्ड समनर यांचा पुढे जॉय डिव्हिजन झाला.

आता गंमत बघा. त्या हॉलमध्ये लोक किती होते? अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक सगळे चाळीसच्या आसपास येऊन थांबतात. आणि नंतरच्या काळात "मी तिथे होतो" म्हणणारे किती? ते मोजायचे तर हॉल पुरणार नाही. डेव्हिड नोलन या पत्रकाराने नेमकं याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा प्रश्न साधा होता : खरंच कोण होतं तिथे? शिवाय सहा आठवड्यांनी, २० जुलैला, त्याच हॉलमध्ये त्याच बँडचा दुसरा कार्यक्रम झाला आणि त्याला गर्दी जास्त होती. त्यामुळे कित्येकांच्या आठवणीत दोन्ही संध्याकाळी एकमेकींत मिसळून गेल्या.

इथे तुम्ही लगेच म्हणाल, "म्हणजे लोक खोटं बोलतात." थांबा. मीही आधी तेच म्हणायचे. पण चाळीस जणांच्या खोलीची आठवण हजारो लोकांना आपली वाटू लागते, हीसुद्धा घडलेली गोष्ट आहे. फक्त ती १९७६ मध्ये घडलेली नाही, नंतर घडली. कार्यक्रमाला मोल नंतर आलं आणि मोल आल्यावर लोक त्यात सामील झाले. म्हणजे एका मुलाखतीत तुम्हाला दोन काळांचा पुरावा मिळत असतो : ज्या काळाबद्दल माणूस बोलतो तो, आणि ज्या काळात बसून बोलतो तो. दोन्ही वेगळे लिहायला शिकलात की अर्धं काम झालं.

मुंबईचा हिशेब

आता आपल्याकडे येऊ. "भारतात पंक कुठे होतं?" असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. १९७६ साली लंडन-न्यूयॉर्कमध्ये जे चाललं होतं ते तसंच्या तसं मुंबईत नव्हतं. रॅमोन्सच्या त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी होती आणि सगळी मिळून २९ मिनिटांत संपायची. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, पुढचं गाणं. वाजवायला येत नसेल तरी स्टेजवर चढा, असा तो मामला. मुंबईत मात्र इलेक्ट्रिक गिटार आणि अँप्लिफायर मिळवणं हीच मोठी मोहीम होती. त्यामुळे इथली वाट वेगळी झाली.

काही ठळक टप्पे देते. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा झाली. एका सिगारेट कंपनीने ती प्रायोजित केली होती आणि तिच्यातल्या बँडच्या गाण्यांच्या लाँग प्ले रेकॉर्डही निघाल्या. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत आले आणि कुलाब्यातल्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझ यात्रा सुरू झाली आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स त्यासाठी मुंबईला आले. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी इंडिपेंडन्स रॉक सुरू केलं, लोकांच्या तोंडी 'आय-रॉक'. १९८८ मध्ये रॉक मशीन या बँडचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला. पुढे १९९३ मध्ये त्याच बँडने इंडस क्रीड हे नाव घेतलं. परदेशी गाण्यांच्या नकला, म्हणजे 'कव्हर', वाजवण्याकडून स्वतःची गाणी वाजवण्याकडे हा जो प्रवास झाला, तो माझ्या मते या सगळ्या कथेचा कणा आहे. उघडपणे स्वतःला पंक म्हणवणारे द रायट पेडलर्ससारखे बँड मुंबईत दिसतात ते पार २०१० नंतरच्या काळात.

आणि एक टप्पा मुद्दाम वेगळा सांगते, कारण तो मुंबईचा नाही. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक सुरू केलं, ते अलाहाबादहून. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद! देशभरातल्या बँडना एकमेकांची खबर मिळायची ती अशा छापील कागदातून. तालुक्याच्या गावातून आलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. कुठल्याही चळवळीचं केंद्र नकाशावर वाटतं तिथेच असतं असं नाही.

या यादीत एक जागा पुन्हा पुन्हा येते. धोबीतलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. जॅझ ऐकलेले लोक रंगभवनचं नाव घेतात, आय-रॉकला गेलेले लोकही तेच नाव घेतात. ऑगस्टमधला पाऊस, चिखल आणि काळे टी-शर्ट हे चित्र मला इतक्या जणांनी सांगितलं की माझ्या डोळ्यांसमोर ते मी पाहिल्यासारखं उभं राहतं. मी पाहिलेलं नाही. आय-रॉक सुरू झालं तेव्हा मी जन्मलेच नव्हते. हेही वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा : ऐकून ऐकून आपणही "तिथे होतो" म्हणणाऱ्यांत कधी जातो ते कळत नाही.

पन्नास डेसिबल

रंगभवनचं काय झालं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "सायलेन्स झोन केला आणि बंद पाडलं." इथे मला माझं फिजिक्स कामाला आलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यात चार प्रकारच्या क्षेत्रांसाठी मर्यादा दिल्या आहेत. दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, औद्योगिक क्षेत्रात ७५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५, निवासी क्षेत्रात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५०. रात्री शांतता क्षेत्रात ४०. शांतता क्षेत्र म्हणजे हॉस्पिटल, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर. आता रंगभवन डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला कॉलेज आणि हाकेच्या अंतरावर कामा हॉस्पिटल. नियम लागू झाल्यावर पुढच्या काही वर्षांत तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. आय-रॉक नंतर अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी गेलं.

आता गणित करू. डेसिबल ही लॉगरिदमिक मोजपट्टी आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे तीव्रता दहापट. समजा, स्टेजपासून १० मीटरवर आवाज १०५ डेसिबल आहे. रॉकच्या कार्यक्रमाला हा आकडा काही अचाट नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो आणि दहापट झालं की २० ने. म्हणजे १०० मीटरवर ८५. मर्यादा ५०. फक्त अंतराच्या जोरावर ५० वर यायचं तर कागदावर साडेपाच किलोमीटर लागतात! प्रत्यक्षात मध्ये इमारती असतात, हवा आवाज शोषते, त्यामुळे इतकं अंतर लागत नाही. शिवाय ही मर्यादा क्षणाची नसते, ती काळावर काढलेली सरासरी असते. तीन तासांचा कार्यक्रम दिवसाच्या सोळा तासांवर पसरवला तर आकडा सुमारे ७ डेसिबलने खाली येतो. तरी ७८ उरतातच. उरलेली तफावत अठ्ठावीस डेसिबलची, म्हणजे तीव्रतेत सहाशे पटींहून जास्त.

हे गणित मी मोठ्या अभिमानाने गाइडना दाखवलं. मॅडमनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "नियम क्रमांक सहा वाचलास का?" नव्हता वाचला. त्यात लिहिलंय की शांतता क्षेत्रात संगीत वाजवणं किंवा ध्वनिवर्धक वापरणं हाच गुन्हा. ढोल बडवणं, हॉर्न वाजवणंही त्यातच. म्हणजे डेसिबल मोजण्याचा प्रश्नच तिथे उरत नाही. माझं सगळं गणित बरोबर होतं आणि मुद्द्याला सोडून होतं.

यातून मी दोन गोष्टी शिकले. एक, दस्तऐवज पूर्ण वाचा. आपल्या ओळखीचा भाग दिसला की आपण तिथेच रमतो. मी विज्ञानाची, म्हणून तक्त्यात रमले. वकिलीचं शिक्षण घेतलेला माणूस कदाचित नियम सहावरून तक्त्यापर्यंत पोचलाच नसता. दोन, नियम वाचताना तारीख बघा. या नियमांत २००२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणसमारंभासाठी रात्री १० ते १२ ची सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल आला. २०१७ मध्ये शांतता क्षेत्राच्या व्याख्येतच बदल झाला. आज इंटरनेटवर मिळणारी प्रत घेऊन २००३ सालच्या घटनेवर लिहाल तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पकडतील.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्याशी बोललेल्या रॉकवाल्यांपैकी बहुतेकांना हा नियम म्हणजे त्यांच्यावर झालेला अन्याय वाटतो. पण हॉस्पिटलच्या खाटेवरच्या माणसाची बाजू माझ्या एकाही मुलाखतीत नव्हती. ती नव्हती, कारण मी त्या माणसाकडे गेलेच नव्हते. जे नाही सापडलं ते नव्हतंच असं नाही. कित्येकदा आपण त्या दारावर थापच मारलेली नसते.

गिरणीच्या आवारात

रंगभवन गेल्यावर कार्यक्रम बंद झाले का? नाही, ते आत गेले. उघड्या मैदानातून चार भिंतींत. डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं आणि २०१६ मध्ये मुंबईतलं ते बंद झालं. मधल्या काळात स्वतःची गाणी वाजवणाऱ्या कित्येक बँडना तिथे स्टेज मिळालं. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर सुरू झाला.

पण पत्ता पुन्हा वाचा. मथुरादास मिल. लोअर परळ. म्हणजे गिरणगाव. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या हळूहळू थंडावल्या आणि त्यांच्या आवारांत पुढे ऑफिसं, हॉटेलं, क्लब आले. याच गिरणगावात त्याच्याही आधी लाइव्ह संगीताची जबरदस्त परंपरा होती. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. चाळीच्या चौकात, गिरणीच्या दारात, मिळेल त्या ओट्यावर कार्यक्रम. महागडी साधनं नाहीत, तिकीट नाही, मधला कुणी कंपनीवाला नाही. त्याच्याही मागे सत्यशोधकी जलसे आणि आंबेडकरी जलसे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे शाहिरी हेच आपलं पंक. मी तसं म्हणणार नाही आणि तुम्हीही घाईने म्हणू नका. प्रबंधात असलं वाक्य टाळ्या घेतं आणि व्हायव्हात मार खातं. कलापथकाच्या पाठीशी पक्ष होता, चळवळ होती, एक निश्चित कार्यक्रम होता. मुंबईतल्या गिगला जाणारा बहुतेक तरुण कॉलेजातला, इंग्रजी बोलणारा. गिरणी कामगाराचा मुलगा त्याच आवारात असलाच तर दारावर सिक्युरिटीच्या गणवेशात असण्याची शक्यता जास्त. पण दोन्हींना एकच प्रश्न पडतो आणि तुलना करायची ती त्या प्रश्नाची : मोठ्या आवाजात काही म्हणायचं असेल तर शहरात जागा कोणाला मिळते?

गिरणगावाबद्दल हा प्रश्न विचारायला आपल्याकडे साधन आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या शंभर मुलाखती जोडून मौखिक इतिहास उभा केला, तो २००४ मध्ये इंग्रजीत आला. मौखिक इतिहास करायचा असेल तर तो हातात घ्या. कोण कुठल्या पक्षाचा, कोण कुठल्या खात्यातला, याने आठवण कशी बदलते हे त्यात स्वच्छ दिसतं. आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपटही बघा. चौदा वर्षं चित्रीकरण करून त्यांनी शाहिरांचे आणि कार्यक्रमांचे आवाज जपून ठेवलेत. गाणं कागदावर आलं की शब्द राहतात, पण समोरचा जमाव कुठे हुंकारला, कुठे गप्प झाला ते राहत नाही. ते चित्रीकरणात राहतं.

मामाची वही

आता मुख्य गोष्ट. माझ्या मुंबईच्या विषयात मला दोन वर्षं मिळत होते ते एकाच प्रकारचे लोक : वाजवणारे आणि ऐकणारे. सगळे इंग्रजीत बोलणारे, आठवणी सुंदर सांगणारे, पण तारीख विचारली की गडबडणारे. "त्र्याण्णव... नाही, चौऱ्याण्णव असेल." जाहिरातीचे कागद कोणी ठेवलेले नाहीत. तिकिटं पावसात भिजून गेली. वर्तमानपत्रांत मोठे महोत्सव येतात, कॉलेजच्या मागच्या हॉलमधला चाळीस जणांचा कार्यक्रम येत नाही.

सुट्टीत गावी गेले होते. माझ्या मामाचा मंडप डेकोरेशन आणि साउंडचा धंदा आहे. लग्न, भागवत सप्ताह, भीमजयंती, गणपती, सगळ्याला त्याचे बॉक्स जातात. रात्री जेवणं झाल्यावर तो हिशेबाची वही घेऊन बसला होता. तारीख, गाव, कोणाचा कार्यक्रम, बॉक्स किती, माईक किती, जनरेटर होता की नाही, इसार किती, बाकी किती. मी बघत बसले. मामा म्हणाला, "काय बघून रायली वं? उधारीच हाय सगळी."

मी बघत होते ते वेगळंच. मुंबईतही बॉक्स कोणीतरी भाड्यानेच दिले असणार ना! ड्रमसेट, अँप्लिफायर, मिक्सर ही सगळी सामग्री कॉलेजातल्या पोरांच्या घरी नव्हती. मग ती देणाऱ्याची वही कुठे आहे?

मुंबईला परत येऊन दोन महिने हिंडले. शेवटी एक काका भेटले. नाव देत नाही, त्यांनी देऊ नको म्हणून सांगितलंय. वय सत्तरीच्या पुढे, घरात मराठी, आयुष्यभर साउंड भाड्याने देण्याचं काम. त्यांच्याकडे वाळवीने खाल्लेल्या काही वह्या होत्या. त्यांत बँडचं नाव क्वचितच सापडतं, कारण काकांना बँडच्या नावाशी घेणं नव्हतं. नोंद असते ती कॉलेजची, हॉलची, बॉक्सची, गालिच्याची. हो, गालिचा! ड्रम वाजवताना सरकू नये म्हणून खाली गालिचा लागतो आणि त्याचं भाडं वेगळं. सामानात गालिचा दिसला की समजायचं, आज भाषण नाही, बँड आहे. माझ्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण गालिच्यावर उभं आहे असं मी मैत्रिणींना गमतीने सांगते, पण ते फारसं खोटं नाही.

त्या वह्यांनी दोन मुलाखतींमधल्या तारखा दुरुस्त केल्या. पण त्याहून मोठं म्हणजे त्यांनी मला माणसं दिली. हमाल, टेम्पोवाले, वायरमन. त्यांच्यातले बरेच रंगभवनच्या त्या पावसात खरोखर होते, पूर्ण वेळ होते, आणि "मी तिथे होतो" असं त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. मी एकांना विचारलं, गाणी कशी वाटायची? म्हणाले, "ताई, गाण्याकडं कोणाचं लक्ष? पाऊस आला की आधी वायरीवर प्लास्टिक टाकायचं."

खरं सांगू का, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझा आहे. तोवर मुलाखतीत "वाशिम? वेअर इज दॅट?" हा प्रश्न आला की मी ओशाळून हसायचे. मला इंग्रजी रॉकचे बारकावे त्या लोकांइतके माहीत नाहीत, हे मान्य. पण भाड्याच्या वहीचा वास मला ओळखू येतो. तो केनवडला वाढले म्हणून येतो.

तुम्ही काय करायचं

तुमचा विषय गिगचा नसेल. भजनी मंडळ असेल, नाटकाची झाडीपट्टी असेल, कव्वालीचे मुकाबले असतील, आठवडी बाजार असेल. कार्यक्रम संपला की उडून जाणारी कुठलीही गोष्ट असेल. तीन सवयी आतापासून लावा.

पहिली : "तुम्ही तिथे होता का?" असं विचारू नका. "घरी परत कसे गेलात?" असं विचारा. खरोखर गेलेल्या माणसाला शेवटची लोकल आठवते, चप्पल तुटलेली आठवते, कोणाच्या घरी झोपलो ते आठवतं. आणि याच प्रश्नाने मला आणखी एक दार उघडून दिलं. बायका कमी का होत्या याचं उत्तर मला संगीताबद्दलच्या प्रश्नांतून मिळालं नाही, परतीच्या प्रवासातून मिळालं. कार्यक्रम रंगायला लागायचा तेव्हा त्यांना निघावं लागायचं. माझ्या हॉस्टेलचं गेटही १० वाजता बंद व्हायचं, त्यामुळे मी स्वतः पाहिलेल्या पहिल्या चार गिगचा शेवट मला माहीत नाही. माझ्या नोंदीत तसं लिहून ठेवलंय.

दुसरी : कामाला आलेल्या माणसांची यादी आधी करा, मग कलाकारांची. कागद कामावरच्या माणसांकडे असतात, कारण पैशाचा हिशेब असतो.

तिसरी : आज जे तुमच्यासमोर घडतंय ते आजच मोजा. मागच्या वर्षी मुंबईत एका छोट्या क्लबमध्ये पंक बँड ऐकायला गेले होते. दारापाशी उभी राहून डोकी मोजली. वहीत लिहिलं : ४७, त्यांत स्टाफ ६. चार महिन्यांनी तिथेच भेटलेल्या तिघांना विचारलं, किती लोक असतील त्या दिवशी? एक म्हणाला शंभर. एक म्हणाला पाय ठेवायला जागा नव्हती. तिसरी जरा विचार करून म्हणाली, "माहीत नाही, पण माझ्याभोवती सगळे ओळखीचे वाटत होते."

तिघांचीही उत्तरं मी लिहून घेतली, कारण तिन्ही खरी आहेत. पण त्यांच्या शेजारी ४७ हा आकडा आहे, म्हणून मला कळतं की ती कशाबद्दल खरी आहेत.

गावी गेल्यावर आजीला त्या रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. दीड मिनिटाचं गाणं. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हे गाणं हाय का भांडण?" मी म्हटलं, दोन्ही. मग ती म्हणाली, जयंतीला तिच्या तरुणपणी रात्रभर गायन पार्ट्या चालायच्या, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, तेव्हाही गावातली काही मंडळी हेच विचारायची.

किती लोक असायचे गं, मी विचारलं. आजी म्हणाली, "आख्खं गाव!"

मी वही उघडली आणि पुढचा प्रश्न विचारला : पेट्रोमॅक्स कोणाचे आणायचे?